एका रोटाचा एक थेंब

खटखट माग बोले, माये तुझा साद येईना...

हा आवाज धनश्रीच्या कानात अजून तसाच आहे. बंद दारापलीकडून आलेला, तापाने चिरकलेला. सुरतेतली ती चाळ, खाली मागांचा गाळा, वर ओळीने खोल्या. आई आतल्या खोलीत, लहानगी धनश्री बाहेरच्या. मधल्या दाराला बाहेरून कडी, आणि ती काढायची नाही ही आईचीच शपथ. आई आतून पहिली ओळ म्हणायची. धनश्रीने उंबऱ्यापाशी उभं राहून दुसरी म्हणायची.

"तू म्हटलीस म्हणजे मला कळतं, माझी चिमणी उभी हाय."

खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं होतं ते, पण गावाकडे गातात तसं नव्हे. मागावर मजुरीला आलेल्या खानदेशी बायांनी त्यात आपलं एक कडवं जोडलं होतं. खाली माग एवढे कडकडायचे की देवीने हाक मारली तरी ऐकू यायची नाही, म्हणून. त्या गल्लीच्या बाहेर ते कडवं कुणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी पहिली ओळ आलीच नाही. धनश्री थांबली. मग तिने हाकेवाचूनच दुसरी ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. त्या दिवशी माग बंद होते, त्यामुळे तिचा आवाज चाळभर गेला, आणि चाळीतल्या एकाही बाईने दार उघडलं नाही.

तिचं स्वतःचं अंग दोन दिवस तापलं आणि निवलं. पोराटोरांना तो ताप हलकाच यायचा. मामा तिला पाचोऱ्याला घेऊन गेला आणि वाटेत एवढंच म्हणाला, "सुरतेचं नाव काढायचं नाही, बाळ. कोणी विचारलं तर आईला साप चावला."

कारण तोवर सुरतेच्या मुलींची लग्नं मोडायला लागली होती. ताप त्यांच्या अंगात झोपून राहतो आणि सासरी जागा होतो, असं लोक बोलू लागले होते.

*

आता धनश्री तापीकाठच्या या केळीच्या गावात सून होती, तीन भावांतल्या मधल्याची बायको. श्रावण लागला होता. अंगणात सुपं खळखळत होती. कानबाईच्या रोटाचे गहू निवडणं चाललं होतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्या पिठाचा घास फक्त भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या ताटात तो जाऊ द्यायचा नाही. ज्यांचा रोट एक, त्यांचं घर एक, मग चुली सहा असोत की सात.

"भुसावळला आला म्हणतात," सासूबाई उज्ज्वलाबाई सूप न थांबवता म्हणाल्या. "सरड्या."

त्या तापाला सगळे सरड्याच म्हणत. दरसाल रंग बदलून यायचा.

"येऊ दे," ओसरीवरून हर्षल, धनश्रीचा नवरा, बोलला. "औंदा मी काही लस घेत नाही. कोणी घेऊ नका. मागच्या साली सुवर्णावहिनीने घेतली होती ना? काय झालं? आणि तो भिका पैलवान, सुई पाहिली की केळीत पळतो, तो बघा कसा फिरून राहिला गावभर."

"त्याला सरड्याच घाबरतो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आंघोळ करीत नाही म्हणून."

बायका हसल्या आणि लगेच आपापल्या सुपांकडे वळल्या. सुवर्णाचं नाव निघालं होतं.

सुवर्णा म्हणजे मोठी जाऊ. मागच्या दिवाळीनंतर सगळ्या कुळाने एकाच दिवशी लस घेतली, आणि महिनाभरात ताप आला तो सहा चुलींतल्या एकट्या सुवर्णाला. तालुक्याच्या दवाखान्यात दुपारी धनश्री तिच्या उशाशी बसली होती. श्वास लागलेला, डोळे छताला. धनश्री तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवता ठेवता सवयीने गुणगुणत होती. ती काय गुणगुणतेय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. खटखट माग बोले...

आणि त्या नळीतून, त्या वाफाळलेल्या मास्कमधून, सुवर्णाने दुसरी ओळ म्हटली होती. पुरी. एक अक्षर इकडचं तिकडे न होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आठ वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या होत्या. सुवर्णाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं. तिने मान हलवली. हो म्हणून की सांगू नको म्हणून, हे धनश्रीला कळायच्या आतच परिचारिकेने तिला बाहेर काढलं. त्याच रात्री सुवर्णा गेली.

"मधली, तुझ्या सुपातले खडे तसेच आहेत की वं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "चित्त कुठं आहे?"

"इथंच आहे, आई."

शेजारी धाकटी जाऊ ऋतुजा पाय लांब करून बसली होती. सातवा महिना होता. मागच्या तुळशीच्या लग्नानंतर सून होऊन आलेली, यावलच्या आत्याकडे वाढलेली. बायकांनी गाणं धरलं.

कानबाई माय आली, दारी टाका गं सडा,
तिच्या मनगटी किणकिणे हिरवा चुडा...

गावात या दोन ओळींनंतर थेट पुढची ओवी येते, मध्ये दम घेत नाहीत. ऋतुजाने घेतला. ओठ उघडले, काहीतरी येऊ पाहिलं, आणि तिने ते आवंढ्यासारखं गिळून पुढची ओवी पकडली. कोणाच्या लक्षात आलं नाही. धनश्रीच्या सुपातले गहू मात्र अंगणभर सांडले.

*

दोन दिवसांनी डॉक्टर फरजाना तडवी आल्या. सरकारी जीपमधून उतरल्या त्या डब्याएवढी पेटी काखेत घेऊन. तिला सगळे थेंबपेटी म्हणायचे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका कांडीवर घ्यायचा, कांडी पेटीत सरकवायची. थोड्या वेळाने पेटीवर रंग उमटायचा, हिरवा, पिवळा नाहीतर निळा. त्याच रंगाच्या झाकणाची लस त्या माणसाला.

भागवत आबा खाटेवर बसले होते. उज्ज्वलाबाईंचे मोठे दीर, कुळातले थोरले. त्यांच्या शब्दापुढे सहा चुलींत कोणी बोलत नसे.

"डॉक्टरबाई, पोरं म्हणतात लस खोटी आहे."

"खोटी नाही, आबा. मापाची नव्हती." त्यांनी पेटी खाटेवर ठेवली. "असं बघा. आपल्या शरीराला या विषाणूची पहिली ओळख ज्या रूपात होते, ते रूप ते जन्मभर विसरत नाही. पुढे विषाणू कितीही बदलून आला, तरी शरीर जुन्याच चेहऱ्याला ओळखून जुनंच हत्यार बाहेर काढतं. म्हणजे आईने लहानपणी ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाला माणूस झोपेतही ओ देतो ना, तसं. शाळेतलं नाव हाकारलं तर उशिरा उठतो, कधी उठतच नाही."

"मग नव्या नावाची सवय लावायची," हर्षल म्हणाला.

"तीच खटपट आहे. नुसती नवी लस टोचली तर शरीर म्हणतं, हे तर मला माहीत आहे, आणि पुन्हा जुनीच हत्यारं घडवत बसतं. म्हणून आता लस दोन टप्प्यांत बोलते. आधी जुन्या ओळखीची हाक देते, शरीर जागं झालं की हळूच नवा चेहरा दाखवते. पण त्यासाठी जुनी ओळख कोणती ते ठाऊक पाहिजे. हा ताप पहिल्यांदा आला तेव्हा आपल्याकडे एका रूपात आला होता, तो हिरवा. दुसरीकडे दुसऱ्या रूपात. हिरव्या माणसाला पिवळी लस दिली, तर ती भलत्याच नावाने हाका मारत राहते."

"आणि जुळली तर?" आबांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं. "मागच्या वर्षी जुळलेली लस दहातल्या नऊ जणांना दवाखान्यापासून लांब ठेवत होती. न जुळलेली पाच जणांना. यंदा तो पुन्हा बदललाय. आठ आणि चार म्हणा. पुढच्या वर्षी आणखी उतरेल. मी तुम्हाला वाढवून सांगणार नाही."

"म्हणजे घेऊनही दोघं जाणारच की!" हर्षल म्हणाला.

"दवाखान्यात जातील, भाऊ. सरणावर नाही. बहुतेक नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "सुवर्णाताईंचं रक्त दवाखान्यात ठेवलेलं होतं. ते मी वाचलं. त्यांचा ठसा पिवळा होता. आणि तुम्हा सगळ्यांना हिरवी दिली गेली."

धनश्री दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप तिथेच उंबऱ्यावर ठेवले.

मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवत होतं. कांड्या कमी होत्या, म्हणून घरटी एक असा नियम. एका छपराखाली वाढलेल्यांना ताप बहुधा एकाच रूपात भेटलेला असतो, हा त्यामागचा हिशोब. या कुळाच्या चुली सहा, म्हणून सहा कांड्या आल्या होत्या. आबांनी पाच परत केल्या होत्या. "आमचा रोट एक, घर एक. एकच थेंब घ्या, बाकीच्या गरिबाला द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. थेंब आबांनी स्वतःचा दिला, पेटी हिरवी झाली आणि सहा चुलींना हिरवी झाकणं वाटली गेली.

"मी तेव्हा विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोणाचं लहानपण बाहेर गेलंय का."

"आणि मी सांगितलं होतं. आमच्या सुना सगळ्या तापीच्या पाण्यावरच्या." आबांनी उपरणं झटकलं. "सुवर्णा चोपड्याची. तिथं कुठला आला पिवळा? यंत्र चुकलं असेल तुमचं."

"यंत्र चुकू शकतं, आबा. म्हणून मी तीनदा वाचलं."

"मग औंदा लस नको. किंवा घेऊ तर एकाच थेंबावर घेऊ. उद्या भाऊबंद म्हणतील, भागवतच्या घरचा रोट फुटला, दर माणशी वेगळं रक्त तपासायला लागलं."

डॉक्टरबाईंनी पेटी उचलली. "कांड्या मलाही मोजून मिळतात. ज्याचं लहानपण दुसरीकडे गेलं, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच मी वेगळी कांडी फोडू शकते. कानबाईच्या रविवारी दुपारी येईन. त्यानंतर आठवडाभर मी नदीपलीकडे आहे, आणि ताप थांबणार नाही."

जीप निघताना धनश्री फाटकाशी सहज गाठ पडल्यासारखी उभी राहिली.

"मॅडम, कोणी एकटीने येऊन सांगितलं तर?"

"तर तिला लस मिळेल." डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पण रंग घराच्या नोंदीवर चढतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर दिसतो. तो मला लपवता येत नाही, ताई."

*

ऋतुजाला तिने केळीच्या बागेत गाठलं. पानं आणायला दोघी गेल्या होत्या.

"ऋतू, तू लहानपणी कुठं होतीस गं?"

"यावलला. आत्याकडे." उत्तर फार लवकर आलं.

"त्याच्या आधी?"

"आधी पण यावललाच हो, वहिनी." तिने पान कापता कापता विळा थांबवला. "का विचारून राहिल्या?"

धनश्रीच्या जिभेवर सगळं होतं. चाळ, कडी, दार. तिने तेवढंच म्हटलं, "गाण्यात तू मध्येच दम घेतेस म्हणून."

ऋतुजाचा चेहरा पिकल्या पानासारखा पडला. मग ती हसली, नको तेवढं. "सातवा महिना आहे, वहिनी. दोघांचा दम घ्यावा लागतो." आणि पानं छातीशी धरून पुढे चालू लागली. थोडं पुढे जाऊन वळली. "ह्यांच्यासमोर असलं काही विचारू नका. माझ्या बाळाची शपथ."

धनश्री पानांच्या गर्द सावलीत उभी राहिली. तिला तो हात दिसत होता, पोटावर ठेवलेला. पाचोऱ्याच्या मामाकडे तिनेही अशाच शपथा घातल्या होत्या. सुवर्णानेही कुणाला तरी घातल्या असतील. तिघी एका छपराखाली, तिघींच्या तोंडात एकच कडवं, आणि तिघी आपापल्या कडीआड.

संध्याकाळी तिने हर्षलच्या ताटात भाजी वाढता वाढता विचारलं, "समजा, मी पाचोऱ्याची नसते तर?"

"तर काय? तुझ्या मामाने हुंड्यात म्हैस कबूल केली होती, ती तरी मिळाली असती." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "असं काय विचारतेस?"

"उगाच."

"उगाच विचारू नको. घरात एक मेलंय. माझं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली."

तो जेवून उठला. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच सांगून मोकळी झाली असती, असं धनश्रीला भांडी घासताना वाटत राहिलं. आणि विचारलं नाही म्हणून बरंही वाटत राहिलं. त्या बऱ्या वाटण्याची तिला किळस आली.

*

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाची देवी, नाकात नथ, डोक्यावर पदर. घर पुरणाच्या वासाने भरलं होतं. पंगत बसली तेव्हा डॉक्टरबाई ओट्यावर येऊन टेकल्या.

"चहा घ्या, डॉक्टरबाई," आबा आतून म्हणाले. "रोट देता येत नाही, राग मानू नका."

"माहीत आहे, आबा. माझी आई शेजारणीच्या कानबाईपुढे नाचून यायची आणि चहावर घरी परतायची." त्या हसल्या, पण पेटी मांडीवरच होती. "भुसावळला काल तीन बायका गेल्या. एक बाळंतीण होती. शेवटचं विचारते. कोणाचं लहानपण बाहेर गेलंय का?"

आबांनी घास हातात धरला होता. "किती वेळा सांगायचं? आमच्या सुना तापीच्या पाण्यावरच्या."

धनश्री पुरणपोळ्यांची परात घेऊन पंगतीच्या मध्ये उभी होती. ऋतुजा भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात ताट, घास न मोडलेला. तिने धनश्रीकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

धनश्रीने परात खाली ठेवली.

"तापी सुरतेलाही जाते, आबा," ती म्हणाली.

"काय?"

"तिथंच समुद्राला मिळते. मी स्वतःला हेच सांगत आले इतकी वर्षं, की मी खोटं बोलले नाही, पाणी तर एकच आहे. मी पाचोऱ्याची नाही. सुरतेची आहे, मागाच्या चाळीतली. माझ्या आईला साप चावला नव्हता."

हर्षलने मान वर केली नाही. पोळीची घडी त्याने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. कोणीतरी ताट सरकवल्याचा आवाज झाला. आबांचा घास ताटात परत गेला.

"हिच्या मामाने तोंडावर सांगितलं होतं मला," ते पुटपुटले. "तोंडावर."

ओट्यावर डॉक्टरबाईंनी कांडीचं पाकीट फोडलं. तो बारीकसा आवाजही सगळ्यांनी ऐकला.

"आणि सुवर्णा?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं. त्या चुलीपाशी पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. "माझी सुवर्णा पण?"

"हो, आई."

"मेलेल्या बाईवर आळ घेऊ नको!" आबा गरजले. "तुझं पाप झाकायला तिला कशाला ओढतेस? काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

पुरावा तिच्याकडे एकच होता. तो तिने कधी कुणापुढे काढला नव्हता. आणि त्यातली ही ओळ तर तिची नव्हतीच, ती दारापलीकडची होती. तिने डोळे मिटले आणि आईची ओळ म्हटली. आवाज चिरकला तेव्हा तो हुबेहूब आईचा झाला.

"खटखट माग बोले, माये तुझा साद येईना..."

"हे कुठलं गाणं?" कोणीतरी विचारलं.

"आमच्या गल्लीचं. त्या गल्लीबाहेर हे कोणालाच येत नाही. याची दुसरी ओळ दवाखान्यात सुवर्णाताईंनी म्हटली होती. मी सांगायला हवं होतं. तेव्हाच. त्याच्याही आधी, आबांनी थेंब दिला तेव्हा." तिने पदराने तोंड पुसलं. "मी ती ओळ सांगणार नाही. ज्याला येत असेल त्याने म्हणावी."

ताटांतली खीर साय धरू लागली. देवीची नथ वाऱ्याने जराशी हलली. हर्षल उठला आणि तिच्याकडे न पाहता मागच्या दाराने केळीत निघून गेला. धनश्री तशीच उभी राहिली, पुन्हा एकदा एका बंद दारापाशी, फक्त यावेळी अलीकडून पहिली ओळ तिने म्हटली होती आणि वाट पलीकडच्या आवाजाची होती.

तिने पुन्हा म्हटलं. हळू. जणू आतल्या माणसाला ताप आहे.

"खटखट माग बोले, माये तुझा साद येईना..."

भिंतीपाशी ऋतुजाने पुढ्यातलं ताट दूर सारलं. एक हात पोटावर, दुसरा तोंडावर. मग तोंडावरचा खाली आला. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं नाही. लहान मुलीच्या आवाजात, एक अक्षर इकडचं तिकडे न होता, तिने म्हटलं:

"उंबऱ्याशी उभी लेक, तुझ्याविना घास घेईना."